सरपण फोडताय? आधी कुऱ्हाडीचा दांडा तपासा

घरात गॅसची टाकी आली तरी आंघोळीचं पाणी अन् भाकरी अजून अनेक ठिकाणी चुलीवरच होते. त्यामुळे पावसाळ्याआधी सरपण भरायची लगबग असते. याच कामात पायावर घाव बसतो, डोळ्यात ढलपी उडते, विंचू चावतो. थोडी काळजी घेतली तर हे टळतं.

तोडणं: काटक्या अन् बारीक फांद्यांना कोयता पुरतो. जाड फांदीचे तुकडे करायला करवत बरी. ओंडका उभा फोडायला जाड पात्याची कुऱ्हाड लागते. बोथट कुऱ्हाड लाकडात न शिरता घसरते, म्हणून कानशीने धार लावून घ्यावी.

दांडा: बाभूळ किंवा धामणीचा दांडा चिवट असतो. पातं हललं तर बरेच जण कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगून पातं घट्ट बसतं खरं, पण वाळलं की पुन्हा सैल होतं. नवी पाचर ठोकणं हाच उपाय. तडा गेलेला दांडा बदलावाच.

फोडणं: ओंडका दगडावर नको, लाकडी ठोकळ्यावर उभा ठेवावा. पाय फाकवून उभं राहावं, पोरांना लांब ठेवावं. घाव आधीच्या चिरेवर घालावा. गाठीचं लाकूड असेल तर लोखंडी पाचर अन् घण वापरावा. कुऱ्हाडीच्या पाठीवर घण मारू नये. पोलादाचा तुकडा उडून डोळा जाऊ शकतो.

वाहणं: मोळी दोन ठिकाणी आवळून बांधावी, डोक्यावर चुंबळ घ्यावी. एका मोठ्या मोळीपेक्षा दोन लहान खेपा मानेला सोसतात. वाट सपाट असेल तर एकचाकी गाडी उत्तम.

रचणं: खाली दगड किंवा जाड लाकडं टाकून रास जमिनीपासून वीतभर उंच ठेवावी. वर पत्रा किंवा ताडपत्री, बाजू मोकळ्या. वारं लागलं की लाकूड सुकतं अन् चुलीचा धूर कमी होतो. दोन फोडी एकमेकींवर आपटून पाहाव्यात: सुकं लाकूड खणखणीत वाजतं, ओलं दबकं.

राशीत विंचू, फुरसं, मण्यार दडून बसतात. आधी काठीने ठोकावं, अंधारात बॅटरीशिवाय हात घालू नये. साप चावलाच तर जखम कापू नये, करकचून बांधू नये. तडक 108 ला फोन करून दवाखाना गाठावा.