रायगडाचा पायथा

रायगड पाहावयास निघालेल्याचे लक्ष साहजिकच माथ्याकडे लागलेले असते. नगारखाना, बाजारपेठ, महाराजांची समाधी ही नावे बालपणापासून कानांवर आलेली. ती स्थळे डोळ्यांनी पाहण्याची घाई कोणास नसते? या घाईत पायथ्याचे पाचाड गाव मात्र मागे पडते. वस्तुतः रायगडाची यात्रा आखावयाची, ती पाचाडापासूनच.

महाडहून गडाकडे सुमारे २५ किलोमीटरांचा रस्ता जातो. त्या रस्त्यावर, गडाच्या अलीकडेच, हे गाव लागते. गडावरील थंड वारा उतारवयात जिजाबाईंना मानवेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी येथे वाडा बांधविला, अशी परंपरा आहे. त्या वाड्याचे अवशेष अद्याप उभे आहेत. ६ जून १६७४ रोजी गडावर राज्याभिषेक झाला आणि अवघ्या ११ दिवसांनी, १७ जूनला, जिजाबाईंनी पाचाडास देह ठेवला. त्यांची समाधी येथेच आहे. ज्या मातेने स्वराज्याचे स्वप्न जोपासले, तिने ते सिंहासनारूढ झालेले पाहिले आणि डोळे मिटले. वरच्या सिंहासनाच्या जागेचा अर्थ खालच्या या समाधीपाशी उमगतो. म्हणून येथे निदान तासभर तरी राखून ठेवावा.

पुढे वर जाण्याचे मार्ग दोन. हिरकणीवाडीहून १९९६ पासून रज्जुमार्ग चालू आहे. वृद्धांची व मुलांची त्याने मोठीच सोय झाली. परंतु ज्याच्या पायांत बळ आहे, त्याने चित् दरवाजाच्या वाटेने हजाराहून अधिक पायऱ्या चढाव्यात. १६५६ साली मोऱ्यांकडून घेतलेल्या या रायरीच्या डोंगरास महाराजांनी राजधानीचा मान का दिला, याचे उत्तर ती चढण देते. धाप लागलेल्या माणसासमोर दोन प्रचंड बुरुजांच्या आड दडलेला महादरवाजा अकस्मात उभा राहतो. शत्रूची तेथे काय गत होत असेल, हे निराळे सांगावे लागत नाही. १८१८ साली इंग्रजांनी गड घेतला, तोही या दारावर चालून जाऊन नव्हे. दुरून डागलेल्या तोफांनी वरील इमारती पेटल्या आणि १० मे रोजी गड त्यांच्या स्वाधीन झाला. माथ्यावर आज जोती अधिक व भिंती थोड्या दिसतात, त्याचे एक कारण हेच.

पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात व धुक्यात काही दिसत नाही. उन्हाळ्यात कातळ तापतो. तेव्हा कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. राज्याभिषेकाच्या सोहळ्यास लोटणारी गर्दी ज्यास सोसत नाही, त्याने जूनचा पहिला आठवडा टाळावा. पाचाडास मुक्काम करावा, सायंकाळी समाधीचे दर्शन घ्यावे आणि पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, पाणी बरोबर घेऊन पहिली पायरी गाठावी. असा क्रम ठेवला, म्हणजे माथ्यावर पोहोचणारा मनुष्य नुसते भग्नावशेष पाहत नाही. तेथे काय घडले आणि ते कोणाच्या पुण्याईने, हे जाणून तो पाहतो.