पट्टीतला ‘इतर’
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी शाळकरी असताना अब्बांनी नांदेडच्या मोंढ्यात तूर विकली. आडत्याची हिशेबपट्टी मी वाचून दाखवत होतो : आडत, हमाली, तोलाई आणि शेवटी ‘इतर’. आमच्या घरात अत्तराला ‘इतर’ म्हणतात. अब्बा म्हणाले, ‘‘इतर? हमने तो इतर लियाच नै!’’ आम्ही हसलो. पण पैसे कापले गेले ते गेलेच.

या ‘इतर’ला इतिहास आहे. दुकानाचे भाडे, दिवाबत्ती, मुनीम, पाणक्या, धर्मादाय हे रोजचे खर्च दुकानाचे. ते थोडेथोडे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पट्टीत उतरत. बाजारातल्या अशा कपातींची दखल शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ साली घेतली आणि नियंत्रित बाजारपेठांची शिफारस केली. तेव्हा नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होते. तिथे १९३० मध्ये, म्हणजे फसली १३३९ साली, शेतमाल बाजाराचा कायदा आला. पुढे महाराष्ट्राने १९६३ मध्ये कायदा केला. बाजार समितीने ठरवून दिल्याशिवाय कपात नाही, हे त्याचे सूत्र. जुलै २०१६ मध्ये तर फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकण्यात आली. खर्च तोच, पण तो कोणाच्या नावे लिहायचा, यावरच एवढी वर्षे झगडा चालला.

आता लातूर-नांदेडच्या दुकानांत चोपड्यांच्या जागी संगणक आले. कार्यालयाचे भाडे, वीज, इंटरनेट अशी दरमहा येणारी नोंद एकदा बसवून दिली, की काही प्रणाली ती आपोआप करतात. ग्राहकाच्या कामावर किती तास गेले, त्या प्रमाणात वाटणीही होते. यात गैर काही नाही. दुकान चालायचे तर हा खर्च कुठून तरी निघालाच पाहिजे. मात्र वाटणीचे माप काम घेतानाच सांगावे आणि बिलात प्रत्येक खर्चाला त्याचे नाव असावे. मुनीम निदान दरवेळी हाताने लिहीत असे. लिहिताना कधी हात थबकत असेल. यंत्राचा हात थबकत नाही. चुकीची नोंदही ते महिनोन्‌महिने इमानाने करत राहते.

अब्बा आज नाहीत. पण कुठलेही बिल हाती आले, की मी आधी शेवटची ओळ वाचतो. तिथे ‘इतर’ दिसले, की त्यांचाच प्रश्न विचारतो.