शीतसंरक्षण, शोभेच्या वनस्पतींचे

हिवाळ्यातील थंडीमुळे बागेतील शोभेच्या वनस्पतींना होणारी इजा टाळण्यासाठी वा कमी करण्यासाठी योजावयाच्या उपायांना शीतसंरक्षण म्हणतात. गोठणबिंदूखालील तापमान सहन करू शकणाऱ्या वनस्पती शीतसह, तर सहन न करू शकणाऱ्या शीतभीरू होत. शीतसहता हा मात्र स्थिर गुण नव्हे. तापमान हळूहळू उतरत गेल्यास कोशिकांत शर्करा साठते व वनस्पती थंडीस सरावते. एकाएकी आलेल्या थंडीने काटक झाडेही दुखावतात.

यूरोपात या कलेचा विकास राजांच्या बागांतून झाला. फ्रान्समधील व्हर्साय येथे १६८४–८६ मध्ये कुंड्यांतील संत्रावर्गीय झाडे हिवाळ्यात ठेवण्यासाठी भव्य इमारत उभारण्यात आली. लंडनजवळील क्यू येथील ताडगृह (१८४४–४८) लोखंड व काच यांचे होते. इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाल्यावर हरितगृहे मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आली.

भारतात वराहमिहिराने (सहावे शतक) बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात थंडी, वारा व ऊन ही झाडांच्या रोगांची कारणे सांगितली असून पाने पिवळी पडणे, पालवीची वाढ खुंटणे, फांद्या वाळणे व रस पाझरणे ही लक्षणे दिली आहेत. आजचा बागाईतदारही थंडीने बाधलेल्या झाडात यांपैकी बहुतेक लक्षणे ओळखील. विदर्भात या ज्ञानाची व्यावहारिक परंपरा मुख्यतः बारी समाजाच्या पानमळ्यांत टिकून राहिली. अंजनगाव सुर्जी, रामटेक इ. ठिकाणच्या मळ्यांत नागवेलीला सावली देणारी झाडे, भोवतीचा आडोसा आणि वारंवार दिलेले पाणी यांमुळे आतील हवा बाहेरच्यापेक्षा दमट व सौम्य राहते. ही वेल शोभेची नसली, तरी तिच्या रक्षणाची रीत परसबागेस तंतोतंत लागू पडते.

शोभेच्या परदेशी वनस्पतींचा प्रसार एकोणिसाव्या शतकात वाढला. पश्चिम भारतातील कृषि-उद्यानविद्या संस्था १८३० मध्ये स्थापन झाली आणि पुण्याच्या गणेशखिंड येथे १८७३ मध्ये वनस्पतिउद्यान सुरू झाले. फर्मिंजर व वुड्रो यांच्या ग्रंथांनी भारतातील हवामानास अनुसरून बागकामाचे मार्गदर्शन केले. इंग्लंडमध्ये हिवाळा हा झाडांच्या विश्रांतीचा काळ असतो. दख्खन व वऱ्हाडात मात्र शेवंती, झेंडू, गुलाब आणि हंगामी फुलझाडे याच काळात बहरतात. त्यामुळे थंडीत झाडे गुंडाळून ठेवण्याचा विलायती नियम येथे जसाच्या तसा उपयोगी नाही. येथील खरा प्रश्न काही मोजक्या रात्रींचा आहे.

वाशीम जिल्ह्यातील (१९९८ पूर्वी अकोला जिल्ह्यातील) मानोरा तालुका या दृष्टीने प्रातिनिधिक म्हणता येईल. समुद्रापासून दूर असल्याने या भागात दिवस व रात्र यांच्या तापमानांत मोठी तफावत असते. निरभ्र व वारा पडलेल्या रात्री जमीन उष्णता झपाट्याने उत्सर्जित करते आणि जड, थंड हवा सखल जागी साचते. नागपूर येथे २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५° से. आणि पुणे येथे १७ जानेवारी १९३५ रोजी १.७° से. इतके किमान तापमान नोंदले गेले. अशा रात्री क्रोटन, ॲकॅलिफा यांसारख्या उष्ण कटिबंधीय झाडांना पाणी न गोठताही इजा होते. अंगणातील तुळसही कडक थंडीत पाने गाळते. कुंडीतील मुळे चहूबाजूंनी उघडी असल्याने जमिनीतील मुळांपेक्षा लवकर बाधतात.

खर्चिक साधनांवाचूनही पुरेसे रक्षण करता येते. दिवसा ऊन असताना हलके पाणी द्यावे, कारण ओली व घट्ट बसलेली माती कोरड्या, भुसभुशीत मातीपेक्षा अधिक उष्णता साठवते आणि रात्री सोडते. याच कारणास्तव थंडीच्या तोंडावर आळे खणून मोकळे करू नये. तुराट्यांचा कूड वा कडब्याची ताटी उत्तरेच्या बाजूस बांधावी. रात्री गोणपाट वा जुने लुगडे काठ्यांच्या आधाराने, पानांस न टेकता पसरावे. ते जमिनीपर्यंत पोहोचले तरच जमिनीची उष्णता आत राहते. सकाळी ते काढलेच पाहिजे. कुंड्या भिंतीलगत एकत्र ठेवाव्यात. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरमध्ये उरकावी आणि हिवाळ्याच्या तोंडावर नत्रखत जास्त देऊ नये. अन्यथा कोवळे फुटवे थंडीत सापडतात. करपलेल्या फांद्या थंडी सरेपर्यंत छाटू नयेत, कारण वाळलेला शेंडा खालच्या डोळ्यांना आडोसा देतो.

पऱ्हाट्या पेटवून धूर करण्याची पद्धत जुनी असली, तरी तिच्याविषयी गैरसमज आहे. धुराचे कण जमिनीतून निघणारी दीर्घ तरंगांची उष्णता फारशी अडवीत नाहीत. लाभ होतो तो आगीच्या उष्णतेचा व हवा ढवळली जाण्याचा. म्हणून एका मोठ्या जाळापेक्षा अनेक लहान शेकोट्या परिणामकारक ठरतात. वारा असेल, तर त्यांचाही उपयोग उरत नाही.

राष्ट्रीय फलोत्पादन अभियानानंतर (२००५–०६) हरितगृहे व जाळीगृहे यांचा प्रसार झाला. तथापि लहान परसबागेत पाणी, आडोसा व वेळेवर घातलेले आच्छादन हीच मुख्य साधने राहिली आहेत. ती स्वस्त असल्याने सामान्य माणसाच्या अंगणातील झाडे वाचविणे त्याच्या कुवतीबाहेरचे नाही; त्यासाठी संध्याकाळी आकाश निरभ्र आणि वारा पडलेला दिसताच तयारी करावयास हवी.