शेजारच्या खोलीतली खिडकी

हार्वर्डच्या ग्रंथालयातली एक छोटी खोली. एकाला खिडकी उघडी हवी होती, अमेरिकी विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांना ती बंद हवी होती. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली गेली. त्याला मोकळी हवा मिळाली आणि फॉलेटबाईंच्या अंगावर थेट येणारा उत्तरेचा वारा टळला. जानेवारी १९२५ मध्ये न्यूयॉर्कला, उद्योगांतल्या मनुष्यबळाचा कारभार पाहणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी हा प्रसंग सांगितला. विद्यापीठांतल्या कर्मचाऱ्यांचे वाद मध्यस्थीने सोडवण्याच्या आजच्या पद्धतीचं वैचारिक कूळ मला या खोलीत दिसतं.

फॉलेट यांच्या मते वाद मिटवण्याच्या तीन वाटा असतात. एकाने दुसऱ्यावर कुरघोडी करायची, दोघांनी थोडंथोडं सोडायचं, किंवा दोघांची खरी गरज भागेल असा तिसरा मार्ग काढायचा. मधल्या वाटेबद्दलची त्यांची नाराजी मला फार मोलाची वाटते. ‘तू थोडं सोड, मी थोडं सोडतो’ हा आपल्याकडे शहाणपणाचा कळस मानला जातो. पण अर्धी उघडलेली खिडकी दोघांनाही नकोच असते, आणि सोडलेलं मनात साचून राहतं.

पुढे अमेरिकेत मध्यस्थी रुजली ती कामगार संघटना आणि मालक यांच्यात. त्यासाठी १९४७ मध्ये स्वतंत्र सरकारी यंत्रणाही उभी राहिली. विद्यापीठं मागेच होती. विद्यार्थी चळवळींच्या काळात, १९६७ साली, मिशिगन स्टेट विद्यापीठाने तक्रारी ऐकणारा लोकपाल नेमला, तोही विद्यार्थ्यांसाठी. कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मला मोलाचं वाटतं ते एमआयटीतलं काम. अर्थतज्ज्ञ मेरी रो १९७३ मध्ये तिथे रुजू झाल्या. सुरुवातीला नोकरदार स्त्रियांचे प्रश्न पाहायचे होते. हळूहळू पुरुषही येऊ लागले आणि पुढे त्या संस्थेच्या लोकपाल झाल्या. बैठकीला न बोलावणं, कामाचं श्रेय देताना नाव गाळणं, अशा नियमांत न बसणाऱ्या बारीक अन्यायांवर त्यांनी बोट ठेवलं. येणाऱ्या बहुतेकांना चौकशी नको असते, शिक्षा नको असते, फक्त त्रास थांबायला हवा असतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा मांडलं. १९८१ मध्ये हार्वर्डच्याच रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी वाटाघाटींवरच्या पुस्तकात फॉलेटबाईंची खिडकी पुन्हा वाचकांपुढे आणली.

विद्यापीठाला ही मध्यस्थीची पद्धत विशेष लागू पडते, कारण तिथली माणसं पंचवीस-तीस वर्षं एकाच विभागात असतात. समजा, एका प्रयोगशाळा सहायकाने सहानंतर चावी द्यायला नकार दिला आणि प्राध्यापकांनी कुलसचिवांकडे लेखी तक्रार केली. कारणे दाखवा नोटीस निघेल, उत्तर येईल, फाईल जाड होईल. त्याऐवजी मध्यस्थ आधी दोघांना वेगवेगळं भेटतो. मग समोरासमोर बसवतो, एकाचं बोलणं संपेपर्यंत दुसऱ्याला मध्ये पडू देत नाही. तेव्हा कळतं, की काही हरवलं तर साठा नोंदवहीप्रमाणे आपल्याकडून वसुली होईल, ही सहायकाची भीती आहे. प्राध्यापकांना तर फक्त दोन संशोधक विद्यार्थ्यांसाठी एक उपकरण रात्री हवं आहे. त्या उपकरणाची वेगळी नोंदवही आणि सही घेऊन दिलेली वेगळी चावी, एवढ्यावर भागतं. ठरलेलं तेवढं कागदावर येतं. बाकी बोलणं खोलीबाहेर जात नाही.

अर्थात सगळं मध्यस्थीकडे ढकलणं घातक आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या आपल्याकडच्या २०१३ च्या कायद्यात पीडित स्त्रीने स्वतः मागितला तरच समेट होऊ शकतो, आणि पैशांच्या आधारावर तर नाहीच. तो दंडक योग्यच आहे. दुबळ्याला गप्प बसवायला समेटाचा वापर सहज होतो.

महाराष्ट्रात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने तक्रार निवारण समिती आणि न्यायाधिकरण दिलं. विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२३ च्या नियमांत लोकपाल ठेवला. पण कर्मचाऱ्यांसाठी, तक्रार कागदावर उतरण्याआधीच ज्याच्याकडे जाता येईल असा माणूस प्रत्येक विद्यापीठात हवा. तो आस्थापना विभागातला नको. वाद घालणाऱ्यांपैकी कुणाचा गोपनीय अहवाल त्याच्या हाती असता कामा नये, आणि निकाल देण्याचा अधिकारही त्याला असू नये.