शेक्सपिअरची भावंडे

इ. स. १६७० मध्ये एलिझाबेथ बर्नार्ड ही स्त्री निःसंतान वारली आणि विल्यम शेक्सपिअरचा औरस वंश तेथेच खुंटला. एलिझाबेथ ही कवीची नात. त्याची थोरली मुलगी सुझाना हिची एकुलती एक कन्या. कवीचा एकमेव मुलगा हॅम्नेट हा अवघ्या अकराव्या वर्षी, १५९६ साली, गेला होता. हॅम्नेटची जुळी बहीण ज्यूडिथ हिला तीन मुलगे झाले खरे, परंतु तिघेही आईच्या हयातीतच कालवश झाले. असे असूनही शेक्सपिअरच्या कुळाशी रक्ताचे नाते सांगू शकणारी माणसे आजही आहेत. हे नाते त्यांना वंशाच्या दिव्याकडून मिळालेले नाही. ते एका बहिणीकडून आले आहे. थोर पुरुषाचे चरित्र लिहू बसणारा लेखक त्याच्या आईबापांची चौकशी करतो, मुलाबाळांची करतो. भावंडांची सहसा करीत नाही. ती करावयाची तर इंग्लंडातील जुन्या चर्चच्या नोंदवह्यांखेरीज गत्यंतर नसते.

या वह्यांचा जन्म राजाज्ञेतून झाला. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ च्या सप्टेंबरात हुकूम काढला की, प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणाऱ्या वस्तीत, एक वही ठेवावी. आठवड्यात झालेले बाप्तिस्मे, विवाह आणि दफने धर्मगुरूने दर रविवारी तीत लिहावी. वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी. एक किल्ली धर्मगुरूकडे, दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे. नोंद चुकल्यास दंड. लोकांना हा प्रकार रुचला नाही. आज नावे लिहून घेतात, उद्या बाप्तिस्म्यावर कर बसवतील, अशी कुजबूज गावोगाव सुरू झाली. सरकारी माणूस दौत-लेखणी घेऊन दारात उभा राहिला की रयतेच्या मनात पहिली शंका सारा-पट्टीचीच यावयाची. त्यात इंग्लंडची रयत काही निराळी नव्हती.

आरंभीच्या वह्या कागदी होत्या व त्या झपाट्याने जीर्ण होऊ लागल्या. म्हणून १५९८ मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून घेण्याचा आदेश निघाला. निदान एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या नोंदी तरी उतरवाव्यात, असा त्यात आग्रह होता. स्ट्रॅटफर्डची वही नेमकी १५५८ पासून सुरू होते ती याचमुळे. तिच्यातील १६०० पर्यंतचा मजकूर एका हातचा आहे आणि पानाच्या तळाशी व्हिकर व कारभारी यांच्या सह्या आहेत. अर्थात ही मूळ वही नव्हे, नक्कल आहे. २६ एप्रिल १५६४ च्या सुप्रसिद्ध नोंदीत ‘जॉनचा मुलगा विल्यम’ हे लॅटिनमध्ये लिहिताना बापाच्या नावाची षष्ठी चुकली आहे. ती चूक मूळ लेखकाची की चाळीस वर्षांची पाने एका दमात उतरवणाऱ्या नकलनविसाची, हे त्या एका ओळीवरून ठरत नाही.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरू स्वतः बसून आपल्या कुळाची हकीकत सांगतो. बाप, आजा, भाऊ, पुतणे ही नाती तेथे आयती जुळलेली मिळतात. पॅरिशच्या वहीत नाती अशी जुळलेली नसतात. तेथे दिवस आणि घटना असते. अमक्या दिवशी अमक्याच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला, इतकेच. आईचे नावदेखील बहुधा नसते. अशा शेकडो सुट्या ओळींतून एकाच घरची मुले वेचून काढणे हे संशोधकाचे काम.

स्ट्रॅटफर्डच्या वहीतून जॉन व मेरी शेक्सपिअर यांची आठ मुले वेचता येतात. पहिली जोन, १५ सप्टेंबर १५५८. मग मार्गारेट, २ डिसेंबर १५६२. तिच्या दफनाची नोंद पुढल्याच ३० एप्रिलची आहे. तिसरा विल्यम. तो तीन महिन्यांचाही झाला नव्हता तोच, ११ जुलै १५६४ रोजी, एका शिकाऊ मुलाच्या दफनाच्या नोंदीपाशी लॅटिनमध्ये तीन शब्द आले: येथे महामारी सुरू झाली. त्या वर्षी त्या लहानशा गावात दोनशेच्या वर माणसे दगावली. दोन मुलींनंतरचे हे तान्हे मूल वाचले. त्याच्या पाठीवर गिल्बर्ट १५६६ मध्ये, दुसरी जोन १५६९ मध्ये, अ‍ॅन १५७१ मध्ये, रिचर्ड १५७४ मध्ये आणि शेंडेफळ एडमंड १५८० मध्ये.

दोन जोन कशा? पहिल्या जोनच्या दफनाची नोंद वहीत सापडत नाही. परंतु त्याच आईबापांनी अकरा वर्षांनी दुसऱ्या मुलीला तेच नाव दिले, त्यावरून पहिली तत्पूर्वी निवर्तली असावी, असे अनुमान केले जाते. गेलेल्या लेकराचे नाव पाठच्या लेकराला देण्याची चाल तेव्हा सर्रास होती. मात्र हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. क्वचित हयात असलेल्या दोघा भावांनाही एकच नाव दिल्याची उदाहरणे त्या काळात आढळतात. अ‍ॅनच्या बाबतीत वही अधिक बोलकी आहे. तिचे दफन ४ एप्रिल १५७९ चे. मुलगी सात वर्षांची. तिच्यासाठी घंटा वाजविल्याचे व शवावर घालावयाच्या वस्त्राचे आठ पेन्स जमा झाल्याचे हिशेबात नमूद आहे. बापाची सांपत्तिक स्थिती त्या सुमारास घसरत चालली होती व पत्नीच्या माहेरची जमीन गहाण पडली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या आठ पेन्सांकडे नुसता हिशेब म्हणून पाहवत नाही.

भावंडे वेचताना संशोधक कसे फसतात याचे उत्तम उदाहरण याच घराण्यात आहे. १७०९ साली निकोलस रो याने कवीचे पहिले चरित्र लिहिले, त्यात जॉनला दहा मुले असल्याचे विधान केले. वहीत १५८९ ते १५९१ या काळात उर्सुला, हम्फ्री आणि फिलिप अशी आणखी तीन मुले जॉन शेक्सपिअरच्या नावावर आहेत. ती मिळविली आणि दोन जोन एकच धरल्या, म्हणजे आकडा बरोबर दहा येतो. परंतु १५५८ मध्ये पहिलटकरीण असलेली मेरी १५९१ मध्ये बाळंत होईल काय? पुढील विद्वानांनी वही बारकाईने वाचली तेव्हा गोंधळ उलगडला. गावात दुसरा एक जॉन शेक्सपिअर होता, धंद्याने मोची. ‘जॉन शेक्सपिअरची पत्नी मार्जरी’ हिचे दफन १५८७ चे आहे. कवीची आई मेरी मात्र विधवा म्हणून १६०८ मध्ये निवर्तली. शिवाय कवीचा बाप १५६८ मध्ये गावचा बेलिफ, म्हणजे मुख्य अधिकारी, झाला होता आणि त्यानंतर अ‍ॅनच्या नोंदीत त्याच्या नावामागे मानाची उपाधी लागली. मोच्याला ती कोण देणार? एका शब्दाच्या त्या उपाधीने तीन मुले त्यांच्या खऱ्या बापाकडे परत गेली.

दुसरा सापळा पंचांगाचा. इंग्लंडात तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलत असे. १ जानेवारीला वर्षारंभ मानण्याची सरकारी पद्धत १७५२ पासूनची. महाराष्ट्राचे वर्ष चैत्रात आणि गुजरातचे कार्तिकात पालटते हे रोज अनुभवणाऱ्या बडोद्याच्या वाचकाला यातील घोटाळा समजावून सांगावा लागणार नाही. गिल्बर्टचे दफन वहीत १६११ च्या ३ फेब्रुवारीचे आहे. आजच्या रीतीने ते वर्ष १६१२. रिचर्डचे दफन त्यानंतर वर्ष व एक दिवस उलटल्यावर, ४ फेब्रुवारी १६१३ ला झाले. गिल्बर्टच्या नोंदीत आणखी एक कोडे आहे. तेथे त्याला लॅटिनमध्ये ‘तरुण’ म्हटले आहे, आणि तो तर पंचेचाळीस वर्षांचा होता. म्हणून कित्येकांनी त्याला एक मुलगा असल्याची कल्पना करून हे दफन त्या मुलाचे ठरविले. तसा मुलगा कोणत्याही वहीत नाही. अविवाहित पुरुष एवढाच त्या शब्दाचा तेथे अर्थ असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हाच गिल्बर्ट १६०२ मध्ये कवीने स्ट्रॅटफर्डजवळ घेतलेल्या जमिनीचे खत त्याच्या वतीने स्वीकारण्यास हजर होता.

धाकट्या एडमंडला शोधावयाचे तर स्ट्रॅटफर्डची वही मिटून लंडनच्या वह्या उघडाव्या लागतात. थोरल्या भावामागोमाग तोही नट झाला. १२ ऑगस्ट १६०७ रोजी क्रिपलगेट येथील सेंट जाइल्स चर्चमध्ये एका बालकाचे दफन झाले; नट एडवर्ड शेक्सपिअर याचा अनौरस मुलगा, अशी ती नोंद आहे. या नावाचा नट अन्यत्र कोठेही आढळत नसल्याने लिहिणाऱ्याने एडमंडचे एडवर्ड केले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे पाचच महिन्यांनी, ३१ डिसेंबर १६०७ रोजी, खुद्द एडमंडला थेम्सच्या दक्षिण तीरावर सेंट सेव्हिअर्स चर्चमध्ये मूठमाती मिळाली. ग्लोब नाटकगृह तेथून हाकेच्या अंतरावर. वय सत्तावीस. चर्चच्या आतील दफन आणि दुपारपूर्वी मोठी घंटा वाजविण्याचा मान, यासाठी वीस शिलिंग भरल्याचे तेथे लिहिले आहे. नाटके दुपारी होत. सकाळी घंटा वाजली तरच मंडळीतील नटांना येता येणार. पैसे कोणी दिले ते वही सांगत नाही. ते देण्याची ऐपत आणि माया असलेला माणूस लंडनात एकच होता.

अशा रीतीने सातांपैकी सहा भावंडे विल्यमच्या आधी गेली. उरली ती दुसरी जोन. विल्यम हार्ट नावाच्या टोप्या करणाऱ्या कारागिराशी तिचा विवाह झाला होता. त्या विवाहाची नोंद स्ट्रॅटफर्डच्या वहीत नाही, मुलांची आहे. १६१६ च्या एप्रिलात तिच्यावर आठ दिवसांच्या अंतराने दोन घाव बसले: १७ तारखेला नवऱ्याचे दफन आणि २५ तारखेला भावाचे. त्यानंतर ती तीस वर्षे जगली व १६४६ च्या नोव्हेंबरात, यादवी युद्धाच्या धामधुमीत, सत्त्याहत्तराव्या वर्षी वारली. १७५७ च्या सुमारास हेन्ली स्ट्रीटवरील घराच्या छपरात कॅथलिक श्रद्धेचा एक हस्तलिखित कबुलीजबाब सापडला होता. तो पुढे गहाळ झाला, परंतु मजकूर छापला गेला, आणि तो कवीच्या बापाचा म्हणून त्यावर दोन शतके वाद चालला. २०२४ मध्ये मॅथ्यू स्टेगल या अभ्यासकाने असे दाखवून दिले की, ज्या इटालियन पुस्तकावरून हा मजकूर घेतला ते बापाच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी छापले गेले. तेव्हा तो जोनचाच असला पाहिजे. बापाचे आणि लेकीचे आद्याक्षर एक, म्हणून तिचे शब्द इतकी वर्षे त्याच्या खाती जमा राहिले.

भावाने मृत्युपत्रात जोनची आठवण ठेवली होती. वीस पौंड रोख, आपले सर्व कपडे, आणि वर्षाला बारा पेन्स या नाममात्र भाड्याने तहहयात राहावयास हेन्ली स्ट्रीटचे घर. तिच्या तिघा मुलांना प्रत्येकी पाच पौंड. त्या कलमात पहिल्याचे नाव विल्यम लिहिले आहे, तिसऱ्याचे मायकेल, आणि मधल्या भाच्याच्या नावाची जागा कोरी आहे. मृत्युशय्येवरील मामाला ते आठवले नाही की लिहून घेणाऱ्याने ते मागाहून भरावयाचे ठेवले, कोण जाणे. कवीच्या नातीने १६७० मध्ये घर ठेवले ते याच विसरलेल्या भाच्याच्या मुलांना. १८०६ मध्ये विकले जाईपर्यंत ते हार्ट कुळाकडेच राहिले, आणि आज जो वंश चालू आहे तोही त्याचाच. मृत्युपत्रातील त्या कोऱ्या जागेत कोणते नाव हवे होते ते पॅरिशच्या वहीत आहे: २४ जुलै १६०५, टॉमस.