एचआयव्ही, तोंडाचा कॅन्सर आणि हंगामी ठरवलेली माणसं

बीड जिल्ह्यातलं तेलगाव दोन रस्त्यांच्या फुलीवर आहे. एक रस्ता बीडहून वडवणीमार्गे परळीला जातो, दुसरा माजलगावहून धारूर-केजकडे. गावाला लागून सुंदरनगरला सहकारी साखर कारखाना आहे. ऊस इथे आहे, कारखाना इथे आहे, तरी दसरा-दिवाळी आली की जिल्ह्यातले कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. माणसं दोन, मोजणीत एक. मोजणीची ही तऱ्हा लक्षात ठेवा, कारण हा सगळा लेख मोजणीबद्दलच आहे.

आमचा प्रश्न साधा आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला तोंडाचा, जिभेचा, घशाचा कॅन्सर होतो तेव्हा तो कोणाच्या वहीत लिहिला जातो? १ डिसेंबरच्या एड्स दिनाच्या फेरीत हा प्रश्न येत नाही आणि ३१ मेच्या तंबाखूविरोधी शपथेतही येत नाही. दोन आजार, दोन विभाग, दोन वह्या. माणूस मात्र एकच, आणि बहुतेक वेळा तो आपल्या वस्तीतला.

आजाऱ्याकडे पाहण्याच्या दोन रीती या देशात फार जुन्या आहेत. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. इंग्रज सरकारने त्याच वर्षी साथरोग कायदा आणला. घरात घुसा, माणूस उचला, वेगळा ठेवा, ही त्या कायद्याची भाषा. त्याच साली सावित्रीमाई मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगनं पछाडलेलं पोर पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या. पोर वाचलं. १० मार्च १८९७ ला सावित्रीमाई गेल्या. सरकारनं आजाऱ्याला वस्तीतून काढलं, सावित्रीमाईंनी त्याला दवाखान्यात पोचवलं. या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि आजच्या आरोग्य खात्यात यापैकी कोणती रीत जिवंत आहे हे प्रत्येकानं आपापल्या तालुक्यात जाऊन पाहावं.

पहिली रीत एचआयव्हीच्या काळात पुन्हा उगवली. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि डॉ. सेलप्पन निर्मला यांनी देशातली पहिली एचआयव्ही लागण शोधली. तीन वर्षांत गोव्यात काय झालं ते आपल्या तरुणांनी वाचलंच पाहिजे. पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात विषाणू सापडला. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला उचललं आणि म्हापशात टीबीच्या जुन्या इस्पितळात ६४ दिवस एकटं कोंडून ठेवलं. गुन्हा काही नाही. आईनं मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयानं एचआयव्हीबाधितांना वेगळं ठेवण्याचा गोव्याच्या कायद्यातला अधिकार वैध ठरवला. डॉमिनिक १९९२ साली वारला.

डॉमिनिक शिकलेला होता, नोकरीत होता, त्याच्यामागे उभी राहणारी माणसं होती. म्हणून खटला झाला, नाव राहिलं. ज्याच्या घराला शतकानुशतकं गावाबाहेर ठेवलं त्याला वेगळं कोंडण्यासाठी पोलिसांची गरजच पडत नाही. वेगळं ताट, वेगळा पेला, मयताला चार खांदे न मिळणं, हे सगळं आपल्याला कोणी नव्यानं शिकवायला नको. संविधानाच्या कलम १७ नं अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळायला बंदी केली. एचआयव्हीच्या निमित्तानं समाजानं जुनंच शस्त्र पुन्हा परजलं, आणि ज्याच्या वाट्याला आधीची शिवाशिव होती त्याच्यावर ते दोनदा चाललं.

आता दुसऱ्या वहीकडे येऊ, कॅन्सरच्या. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १००० रुग्णांचा अभ्यास छापला. पुढच्या वर्षी त्यांनी खैनी जिथे दाबून धरतात तिथेच ओठात होणारा कॅन्सर वेगळा नोंदवला. म्हणजे तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर यांचं नातं या देशाला स्वातंत्र्याच्या आधीपासून माहीत आहे. तरी गुटख्यावर महाराष्ट्रात बंदी आली २००२ साली, ती सर्वोच्च न्यायालयात २००४ साली पडली, आणि पुन्हा बंदी आली जुलै २०१२ मध्ये. आज कोणत्याही फाट्यावर पुडी मिळते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात जवळपास चारपैकी एक प्रौढ माणूस धुराविना तंबाखू वापरतो: मळलेली, गुटख्यातली, किंवा बायकांच्या बोटावरची मिश्री.

यावर व्यसनमुक्तीवाले प्रवचन देतात. आम्हाला ते ऐकवत नाही. पहाटे चारला थंडीत फडात उतरायचं, दुपारपर्यंत पोटात अन्न नाही, रात्री गाडी भरायची. तंबाखू तिथे भूक मारते आणि झोप मारते. उचल फेडायची असते, मुकादम उभा असतो. तंबाखू सोडायला सांगायची तर आधी कामाचे तास आणि पोटातली भाकर याबद्दल बोललं पाहिजे. अर्थात म्हणून तंबाखू निरुपद्रवी ठरत नाही. आपल्या पोरांनी जयंतीच्या वर्गणीतून पुड्या आणणं बंद करावं, एवढं तरी उद्याच करता येईल.

तर तंबाखूनं तोंड आधीच खाल्लेलं असतं. त्यात एचआयव्ही आला की काय होतं? शरीराची राखण करणाऱ्या पेशी कमी होतात. बिघडलेली पेशी वेळीच ओळखून संपवण्याची ताकद घटते आणि कॅन्सरला मदत करणारे विषाणू, उदाहरणार्थ एचपीव्ही, शरीरात जास्त काळ टिकतात. जगभरातल्या अभ्यासांची एकत्र मोजणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तीत एचआयव्हीबाधितांमध्ये तोंड आणि घशाच्या कॅन्सरचं प्रमाण सर्वसामान्यांच्या दुपटीच्या आसपास आढळलं.

पण 'एड्सचे कॅन्सर' म्हणून जी यादी जगानं मान्य केली तीत हा कॅन्सर नाही. त्या यादीत कापोसी सार्कोमा आहे, लिम्फोमा आहे, आणि १९९३ पासून गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे. यादी अमेरिकेत तयार झाली, तिथल्या शरीरांवरून. कापोसी सार्कोमा भारतात क्वचित दिसतो. इथल्या माणसाच्या गालात आणि हिरडीत जे उगवतं ते यादीबाहेर राहिलं. यादी करणाऱ्यांनी कट केला असं आम्ही म्हणत नाही. ज्यांची शरीरं मोजली गेली त्यांचे आजार यादीत आले, एवढंच.

शिवाय काळाचाही भाग आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं एआरटीची मोफत औषधं सुरू केली. त्याआधी माणूस टीबीनं, जुलाबानं दोन-चार वर्षांत जायचा. कॅन्सर व्हायला तेवढं आयुष्यच नव्हतं. आता गोळ्या नियमित घेणारा माणूस वीस-पंचवीस वर्षं जगतो, संसार करतो, पोरांची लग्नं लावतो. ही त्या औषधांची आणि ती मोफत मिळावीत म्हणून झगडलेल्या लोकांची कमाई आहे. महाराष्ट्रात आज सुमारे ४ लाख लोक एचआयव्हीसह जगतात. ते पन्नाशीकडे चाललेत, आणि तंबाखूची वीस-तीस वर्षं त्यांच्या गालात साठलेली आहेत.

इथे सर्वात मोठा घोटाळा होतो तो पांढऱ्या चट्ट्याचा. एचआयव्हीत तोंडात बुरशीचा पांढरा थर येतो. तो पुसला की बहुधा निघतो. जिभेच्या कडेला विषाणूमुळे येणारा दुसरा एक चट्टा असतो, तो निघत नाही. आणि तंबाखूमुळे गालात येणारा चट्टा, ज्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो, तोही निघत नाही. तिन्ही पांढरे. माणूस एचआयव्हीबाधित आहे हे कळलं की समोरचा सहज म्हणतो, "त्या आजाराचंच असेल," आणि बुरशीचं औषध देतो. महिना जातो, तीन महिने जातात. तोपर्यंत मानेत गाठ येते. म्हणून आमच्या कार्यकर्त्यांनी हे पाठ करावं: तोंडातली जखम, चट्टा किंवा गाठ तीन आठवड्यांत बरी झाली नाही तर तुकडा काढून तपासायला सांगा. तोंडात आपली तीन बोटं उभी जात नसतील तर दाखवा. आवाज बसला आणि तीन आठवडे सुटला नाही तर दाखवा. एचआयव्ही आहे म्हणून शस्त्रक्रिया होत नाही, शेक देता येत नाही, हे खोटं आहे. गोळ्या सुरू ठेवून उपचार होतात. फक्त कॅन्सरच्या डॉक्टरला एआरटीची पुस्तिका दाखवली पाहिजे. टेनोफोव्हिर ही गोळी आणि सिस्प्लाटिन हे किमोचं औषध, दोन्हींचा भार मूत्रपिंडावर येतो. एकाला दुसऱ्याचं माहीत नसेल तर रुग्ण भरडला जातो.

आता मोजणीकडे. १९८७ साली शेजारच्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदवही सुरू झाली. नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयाच्या लोकांनी बार्शी, परंडा, भूम तालुक्यांत गावोगाव फिरून रुग्ण शोधले, कारण खेड्यातला माणूस दवाखान्यात आपणहून येत नाही हे त्यांना कळलं होतं. हे काम मोठं आहे. पुढे उस्मानाबाद आणि बीड हे दोन जिल्हे राष्ट्रीय नोंदणीत आले. २०२० च्या राष्ट्रीय अहवालात पुरुषांमधलं कॅन्सरचं सर्वात कमी प्रमाण याच दोन जिल्ह्यांचं आहे: लाखामागे ३९.५. दिल्लीत १४७. मिझोरामच्या ऐझॉलमध्ये २६९.४.

हा आकडा वाचून कोणी म्हणेल, बीड निरोगी आहे. खेड्यात कॅन्सर शहरापेक्षा काहीसा कमी असतो हे खरं आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण नोंद होण्यासाठी आधी निदान व्हावं लागतं, आणि निदान व्हायला माणसानं सहा महिने एका जागी तरी राहावं लागतं. ज्याला फडावर जखम झाली, ज्यानं पट्टा पडेपर्यंत दुखणं अंगावर काढलं, जो परतला तेव्हा गिळता येत नव्हतं आणि ज्याच्या मरणाचं कारण गावानं "त्याला तसलं होतं" असं ठरवून टाकलं, त्याच्या गालाचा तुकडा कुठल्या प्रयोगशाळेत गेला असेल?

आणि याच जिल्ह्यात कॅन्सरची भीती मात्र भरपूर विकली गेली. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. "पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल" असं सांगितल्याचं कितीतरी बायांनी बोलून दाखवलं. जिथे कॅन्सर नव्हता तिथे कॅन्सर दाखवून पोट कापलं. जिथे तो असतो त्या तोंडात बॅटरी मारून पाहायला कोणी आलं नाही, कारण तोंड पाहण्यात पैसा नाही.

मग या माणसाच्या उपचाराची जबाबदारी कोणाची? बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्यानं प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली. अडारकरांनी १९४४ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आजारात पगार, मोफत दवाखाना, हे भारतीय कामगाराला हक्क म्हणून मिळालं ते त्यातून. पण कायदा उघडून पाहा. तो हंगामी कारखान्यांना लागू नाही, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत साखर आणि गूळ नाव घेऊन घातलेले आहेत. ऊसतोड मजूर तर त्याच्याही बाहेर, कारण तो कागदोपत्री कारखान्याचा नसतोच, मुकादमाचा असतो. १९४८ साली सुरुवात म्हणून घातलेली ही मर्यादा पुढच्या राज्यकर्त्यांनी ओलांडायची होती. त्याऐवजी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखान्याचा अपवाद जसाच्या तसा आहे. ज्या राज्यात साखरेनं आमदार, खासदार, मंत्री घडवले, तिथे बहात्तर वर्षांनीही ऊस तोडणारा हात हंगामी!

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कॅन्सरचे उपचार होतात, हे खरं. पण शेक सहा-सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस घ्यावा लागतो. तेलगावहून बार्शी शंभर किलोमीटरच्या पुढे, छत्रपती संभाजीनगर त्याहून लांब. उपचार फुकट, पण राहायचं कुठं आणि त्या दोन महिन्यांची मजुरी कोण देणार? ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ झालं, त्याच्यासाठी गाळपाच्या टनामागे १० रुपये ठरले. त्या पैशातला एक वाटा या मजुरीसाठी मागता येतो, मागायला हवा.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा भेदभावाला बंदी करतो, दवाखान्यातल्याही. तोंड तपासायला नकार, शस्त्रक्रिया टाळणं, खाटेवर पाटी लावणं, या सगळ्याविरुद्ध तक्रार करता येते. पण औषधोपचाराच्या कलम १४ मध्ये 'शक्य असेल तितपत' अशी पळवाट आहे, आणि तिथे उल्लेख आहे तो एआरटीचा आणि संधिसाधू संसर्गांचा. तोंडाचा कॅन्सर संसर्ग नव्हे, म्हणून तो इथेही बाहेर.

आमच्या मागण्या यातूनच निघतात. एआरटीच्या प्रत्येक भेटीत तोंडाची तपासणी व्हावी आणि तिची नोंद पुस्तिकेत व्हावी. फडावर जाणाऱ्याला निघण्याआधी तीन महिन्यांच्या गोळ्या आणि पुढच्या मुक्कामाच्या जवळच्या केंद्राचं पत्र मिळावं, नाव फुटणार नाही अशा रीतीनं. दोन नोंदवह्या गुप्तता राखून जुळवाव्यात. पुण्यात अशी जुळवणी संशोधकांनी केलेली आहे, बीडसाठी अशक्य नाही. आणि बैठकांची वाट न पाहता करण्याजोगं एक काम आहे. दसऱ्याच्या आधी तेलगाव फाट्यावर गाड्या भरतात तेव्हा एक दंतवैद्य, एक बॅटरी आणि हातमोज्यांचा एक डबा एवढंच लागतं. एचआयव्हीचं नाव कोणाला विचारायचं नाही, सगळ्यांचंच तोंड पाहायचं. ज्याच्या गालात न निघणारा चट्टा दिसेल त्याची चिठ्ठी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या नावानं तिथेच लिहायची, आणि त्या कोयत्याच्या मुकादमाशी उचलीचं बोलणं आपल्या दोघा कार्यकर्त्यांनी करायचं.