टपावरचे हिम आणि खालचा ब्रेक

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वेण्णा तलाव १८४२ साली बांधला गेला. हिवाळ्यातल्या एखाद्या निरभ्र पहाटे त्याच्या काठी उभ्या गाड्यांच्या टपांवर दव गोठते. त्याच वेळी सांगलीहून आलेल्या पाहुण्याचा हातब्रेक सुटेनासा झाला, तर तोही गोठला असेच त्याला वाटणार. ते खरे असेल का?

याचे उत्तर विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टरांच्या दवावरील निबंधात सापडते. तो १८१४ साली प्रसिद्ध झाला. वेल्स रात्री उघड्यावर एका फळीच्या वर आणि खाली लोकरीचे सारखे पुंजके बांधत. सकाळी वरचा पुंजका अधिक भिजलेला असे. मोकळ्या आकाशाखालची वस्तू प्रारणाने उष्णता गमावून हवेपेक्षाही थंड होते. खालच्या पुंजक्याला फळीचा आडोसा मिळतो. भारतात उथळ मातीच्या भांड्यांत रात्री बर्फ करण्याची पद्धतही वेल्स यांनी याच तत्त्वाने उलगडली.

गाडीचा टप हा वरचा पुंजका, ब्रेक हा खालचा. हवा शून्याच्या वर असतानाही टपावर हिम दिसेल. ब्रेक गोठायला हवाच शून्याखाली जावी लागते. थंड देशांत केबलमध्ये शिरलेले पाणी तसे गोठते. आपल्याकडे आधी संशय घ्यावा तो गंजाचा. ओल्या ड्रमला लायनिंग चिकटते, आणि कढत पाणी ओतून ते सुटत नाही. म्हणून गाडी बरेच दिवस उभी करायची असल्यास सपाट जागा पाहावी, गिअर टाकावा, चाकांना दगड लावावेत आणि हातब्रेक सोडून ठेवावा.

वेल्स यांचा प्रयोग शाळेत एक फळी, थोडा कापूस आणि तराजू एवढ्यावर होतो.